औत चोरीस गेले म्हणजे

मृगाचा पाऊस होऊन गेला आहे, आभाळ उघडले आहे आणि काळ्या रानाला वाफसा आला आहे, असे आपण क्षणभर समजू. वाफसा म्हणजे काय हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. शहरातील श्रोत्यांसाठी एवढेच सांगतो की, जमीन फार चिकटही नाही व फार कोरडीही नाही, पाभर चालेल आणि पडलेले बी रुजेल, अशी ती मोजक्या दिवसांची अवस्था असते. ती हुकली म्हणजे पुढच्या पावसाची वाट पाहणे आले, आणि तो केव्हा येईल हे कोणाच्याच हाती नसते. अशा एका पहाटे कुणबी गोठ्यात जातो तो दावणीला दावी तेवढी पडलेली, बैल नाहीत. कधी बैल असतात, पण नांगराचा फाळ रात्रीतून कोणी काढून नेलेला असतो. बागाईतदार असला तर विहिरीवरची मोट आणि नाडा नाहीसा झालेला असतो, आणि खाली कोवळी मिरची पाण्यावाचून माना टाकीत असते. या माणसाने आता कोणाच्या दारी जावे?

विषय लहान आहे हे आम्हांस मान्य आहे. पानिपतावर किंवा खर्ड्यावर बोलणाऱ्याला जी गर्दी लाभते ती फाळावर बोलणाऱ्याला लाभत नाही. परंतु एखादा समाज आपल्या कष्टकरी माणसाला कसा वागवीत होता हे पाहावयाचे असेल, तर त्याच्या हातचे साधन गेल्यावर त्याला काय मागता येत होते, कोणाकडे मागता येत होते, आणि मागितलेले कोणाच्या पदरातून दिले जात होते, हे पाहावे. राजवाड्यातील दफ्तरांपेक्षा या प्रश्नाची उत्तरे अधिक बोलकी असतात, असा आमचा अनुभव आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. सोन्याची पुतळी चोरीस गेली तर पुतळीपुरतेच नुकसान होते. बैल गेला तर बैलाची किंमत जाते, आणि शिवाय त्याच्या मागोमाग वर्षाचे पीक, सरकारचा वसूल, बलुतेदारांचे बलुते आणि सावकाराचा हप्ता ही सारी ओळीने जाण्याच्या मार्गाला लागतात. मोटेचे कातडे कितीसे मोलाचे? पण ते नसले म्हणजे भर चैत्रात आठ दिवसांत बाग वाळून जाते. साधनाची चोरी ही वस्तूची चोरी असतेच. त्याहून ती वेळेची चोरी असते.

हा भेद आपल्या जुन्या शास्त्रकारांच्या नजरेतून सुटलेला नव्हता. मनुस्मृतीविषयी आमचे मत सांगण्याचे हे स्थळ नव्हे. तिच्या वर्णभेदी दंडनीतीने या देशाचे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. तथापि तिच्या नवव्या अध्यायात एक बारीकशी तरतूद आहे, ती पाहण्यासारखी आहे. नांगरटीची अवजारे, शस्त्रे आणि औषधे या तीन वस्तूंच्या चोरीचा तिथे एकत्र विचार केला आहे, आणि राजाने काळ व प्रयोजन पाहून दंड ठरवावा असे म्हटले आहे. तीन वस्तूंचे हे त्रिकूट सहज जमलेले नाही. लढाईच्या दिवशी तलवार, दुखण्याच्या रात्री औषध आणि पेरणीच्या सकाळी नांगर, यांची बाजारातली किंमत विचारण्यात अर्थ नसतो. त्या घटकेला ती वस्तू हाताशी नव्हती म्हणून काय बुडाले, हाच खरा हिशेब. या अवजारांना तिथे शब्द योजला आहे तो ‘सीताद्रव्य’. सीता म्हणजे नांगराचा तास. जनकाच्या कन्येचे नाव याच तासावरून पडले, हे आपण जाणताच.

दुसरा प्रश्न भरपाईचा. याज्ञवल्क्यस्मृतीत याविषयी जे सांगितले आहे ते मोठे व्यवहारी आहे. चोराचा माग गावाबाहेर गेल्याचे दिसत नसेल तर दोष गावाच्या मुख्याकडे. माग कुरणात गेला तर कुरणाच्या अधिकाऱ्याकडे. चोरी वाटेवर झाली तर चोर धरण्यासाठी नेमलेल्या माणसाकडे. ज्या गावाच्या शिवेत चोरी झाली त्या गावाने भरपाई द्यावी, किंवा पावले जिकडे गेली असतील त्या गावाने द्यावी. आणि चोरी गावांपासून कोसाबाहेर झाली असेल तर भोवतालच्या पाच किंवा दहा गावांनी मिळून द्यावी. चोरीस गेलेले धन राजाने प्रजेला परत मिळवून दिले पाहिजे, हेही त्याच स्मृतीत अन्यत्र सांगितलेले आहे. या स्मृतीवरची प्रसिद्ध मिताक्षरा टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्य राजाच्या, सहाव्या विक्रमादित्याच्या, आश्रयाने लिहिली. तेव्हा हे वचन काशीच्या पाठशाळेत राहिलेले नाही. दख्खनच्या मातीत त्याचे अध्ययन झालेले आहे.

पोथीतले वचन आणि शिवारातली वहिवाट यांत अंतर असते, असे कोणी म्हणेल. सामान्यतः ते खरे आहे. या एका बाबतीत मात्र अंतर फार थोडे होते, आणि त्याची साक्ष एका परक्या माणसाने दिली आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली. जिंकलेल्या मुलुखाची व्यवस्था माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे आली आणि त्याने २५ ऑक्टोबर १८१९ रोजी आपला प्रसिद्ध अहवाल पुरा केला. मराठी राज्याचा अंत ज्यांनी केला त्यांच्याच लेखणीतून त्या राज्याच्या गावगाड्याचे इतके चांगले चित्र आपणांस मिळावे, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा.

एल्फिन्स्टन जे वर्णन करतो त्याचा सारांश असा. प्रत्येक गावाला एक राखणदार असे. कोठे तो महार असे, खानदेशाकडे भिल्ल असे, पुण्याच्या दक्षिणेस बहुधा रामोशी असे. रात्री गस्त घालणे, गावात कोण आला व कोण गेला हे ध्यानात ठेवणे, परका माणूस दिसला तर पाटलाला कळविणे आणि गावातील प्रत्येक माणसाची चालचलणूक ठाऊक असणे, ही त्याची कामे. ही माहिती त्याला कशी राहत असे, याचे जे कारण एल्फिन्स्टन देतो ते मार्मिक आहे. राखणदाराचा हक्क घरोघरच्या धान्यातील लहानशा वाट्याच्या रूपाने असे. तो वसूल करण्यासाठी त्याला प्रत्येक उंबऱ्यावर जावे लागे, आणि कोणाच्या घरी काय पिकले, काय आले, काय गेले याकडे त्याची नजर आपोआपच राही. आजच्या भाषेत बोलावयाचे तर त्याचा पगार आणि त्याची चौकशी ही एकाच फेरीत उरकत.

चोरी झाली म्हणजे याच माणसाला बोलावणे जाई. पहिले काम माग काढण्याचे. माग काढणे ही विद्याच होती. ठसा सापडला की त्यावर पाटी किंवा मडके पालथे घालावयाचे, म्हणजे वाऱ्याने अगर कोंबड्यांनी तो बिघडत नाही. काडीने त्याची लांबीरुंदी घ्यावयाची. टाच दाबली आहे की चवडा हे पाहून माणूस ओझे घेऊन चालत होता की मोकळा, घाईत होता की सावकाश, हे ठरवावयाचे. बैलाचा माग माणसाच्या मागाहून सोपा असतो. ज्याचा बैल त्याला त्याचा खूर ओळखता येतो, आणि नाल ठोकलेली असली तर पाहावयासच नको. गुजरातेत या कामाच्या माणसाला ‘पगी’ म्हणतात व पंजाबात ‘खोजी’. नावे निराळी, विद्या एकच.

राखणदार माग काढीत निघाला आणि तो शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला असे त्या गावच्या राखणदाराची खात्री पटेल अशा रीतीने त्याने दाखवून दिले, म्हणजे पहिल्याचे काम संपले. आता दुसऱ्याने माग पुढे चालवावयाचा. असे करता करता ज्या गावात माग निश्चितपणे जाऊन पोचे व तेथून पुढे निघत नसे, त्या गावावर गेलेल्या मालाची जबाबदारी येई. माग कोठेच लागला नाही तर ज्या गावात चोरी झाली त्याच गावावर ती राही. राखणदाराने आपल्या ऐपतीप्रमाणे भरावयाचे आणि उरलेले गावावर पट्टी बसवून वसूल करावयाचे, अशी वहिवाट होती. याज्ञवल्क्याच्या वचनाशी ही वहिवाट ताडून पाहा. मधल्या काळात किती राज्ये आली आणि गेली; पावलांचा माग मात्र त्याच शिवेवर येऊन थांबत राहिला.

येथे शिवेवरच्या त्या सकाळीची आपण कल्पना करावी असे आम्हांस वाटते. एका बाजूला ज्याचे बैल गेले तो कुणबी, त्याच्या गावचा राखणदार आणि साक्षीला आलेले चार गृहस्थ. दुसऱ्या बाजूला शेजारच्या गावची तशीच मंडळी. मध्ये धुळीत चार खुरांचे ठसे. ते ठसे मान्य केले तर उद्या आपल्या गावावर पट्टी बसेल हे पलीकडच्यांना ठाऊक आहे. सकाळची गुरे चरावयास सोडण्याची वेळ तीच असते, आणि शंभर गुरे एकदा त्या वाटेने गेली म्हणजे माग मोडतो हेही सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा ज्याचे बैल गेले त्याने दिवस उजाडण्याच्या आत पाटलाच्या दारी हाक मारावयाची, आणि राखणदाराने गुरे सुटण्याच्या आत शीव गाठावयाची, अशी ही घाई असे.

ही वहिवाट फार न्यायाची होती असे समजून कोणी गहिवरून जाऊ नये. खुद्द एल्फिन्स्टनने भरपाईची ही पद्धत अन्यायाची ठरविली आहे. जी चोरी गावाला टाळता आली नसती व जिची भरपाई त्याला झेपली नसती, ती त्याच्या माथी का मारावी, असा त्याचा आक्षेप. पूर्ण भरपाई विशेष प्रसंगीच घेतली जाई, एरवी काहीतरी दंड होई, असेही तो नमूद करतो. हयगय केली किंवा चोराशी संगनमत केले असे दिसले तर पाटलाचे वा राखणदाराचे इनाम काढून जवळच्या नातलगाला दिले जाई, कैद होई, बेडी पडे, फटकेही बसत. एवढा कडक बंदोबस्त का, याचे उत्तरही तो देतो. राखणदार पुष्कळदा स्वतःच चोर असे, आणि पाटलालाही चोरांना थारा देऊन वाटा घेण्याचा मोह होई.

एल्फिन्स्टनचा आक्षेप वाचताना आमच्या मनात एक गोष्ट येते. त्याच्या स्वतःच्या देशातही अशीच रीत होती. १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्याने इंग्लंडात वाटमारी झाली की ओरड करून सर्वांनी चोराचा पाठलाग करावा, आणि चोर सापडला नाही तर त्या टापूतील लोकांनी भरपाई करावी, असे ठरविले होते. गावगाड्यावरचा आक्षेप एल्फिन्स्टन पुण्यात लिहीत होता तेव्हा तो कायदा इंग्लंडच्या पुस्तकातून अजून पुरता निघालाही नव्हता. सांगण्याचा हेतू एवढाच की, शेजाऱ्याच्या चोरीबद्दल शेजाऱ्यांनी जबाबदार राहावे ही कल्पना काही एकट्या हिंदुस्थानाची नव्हे.

आमचा स्वतःचा आक्षेप मात्र एल्फिन्स्टनहून निराळा आहे. ‘राखणदाराने आपल्या ऐपतीप्रमाणे भरावयाचे’ हे वाक्य आपण वाचतो आणि पुढे जातो. ऐपत कोणाची? गावाच्या वेशीबाहेर राहणाऱ्या महाराची, डोंगराच्या कडेला झोपडी असलेल्या रामोशाची किंवा भिल्लाची. कुणब्याला पाटलाच्या दारी उभे राहून ‘माझे बैल शोधून द्या’ असे म्हणता येत होते. तो त्याचा हक्क होता आणि तो मौल्यवान होता, हे निर्विवाद. परंतु तो हक्क उभा होता तो ज्याला स्वतः कोणाच्या ओट्यावर चढता येत नव्हते अशा माणसाच्या खांद्यावर. सहा बैलांचा धनी असलेल्याचे दोन बैल गेले तर भरपाईची पहिली पाळी येई ती बहुधा एकही बैल नसलेल्यावर. जुन्या गावगाड्याच्या एकोप्याची वर्णने करणारे आमचे पुष्कळ विद्वान मित्र या ठिकाणी घाईघाईने पान उलटतात.

रामोशांची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याने १८३३ साली मुंबईस त्यांच्यावर एक पुस्तकच छापले. पुरंदरच्या परिसरातील रामोशी किल्ल्याच्या व गावांच्या रखवालीवर पिढ्यान्‌पिढ्या होते. राज्य बदलले, रखवालीचे हक्क ढासळले, आणि ज्यांना माग काढता येत होता त्यांनाच माग लपविण्याची विद्या उपयोगी पडू लागली. त्यांच्यातला उमाजी नाईक इंग्रजांशी झुंजला व १८३२ साली पुण्यात फाशी गेला. मॅकिंटॉशच्या पुस्तकात उमाजीचे चरित्र येते ते त्याच्या शत्रूच्या नजरेतून येते, पण तेवढे सावधपण ठेवून वाचले तर रखवालदाराचा बंडखोर कसा होतो हे त्यात स्पष्ट दिसते. पुढे पुण्याच्या छावणीतले साहेब लोक आपल्या बंगल्यावर रामोशीच पहारेकरी ठेवीत. न ठेवला तर चोरी होईल अशी त्यांची समजूत असे. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा सुरू झाला आणि सबंध जातीच्या जाती जन्मतःच चोर ठरविण्याची सोय झाली. तो १९५२ साली रद्द झाला. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशांचे नाव आहे. ज्यांच्याकडे एके काळी चोरीची फिर्याद न्यावयाची, त्यांच्याकडेच फिर्यादीतील बोट वळले, आणि हे सारे चार पिढ्यांच्या आत घडले.

असो. आतापर्यंत गेलेले परत मिळविण्याच्या मागणीचा विचार झाला. पण माग काढण्यात चार दिवस जातात, आणि वाफसा थांबत नाही. म्हणून त्या कुणब्याला दुसरी एक मागणी करावी लागे, आणि ती पाटलाकडे नव्हे तर शेजाऱ्यांकडे.

ही मागणी समजावयास आधी आपल्या शेतीची एक गोष्ट ठाऊक पाहिजे. काळ्या जमिनीतला मोठा लाकडी नांगर एका जोडीने ओढला जात नसे. चार बैल, सहा बैल, आठ बैल, कोठे त्याहूनही अधिक जुंपावे लागत. इतके बैल किती जणांकडे असणार? म्हणून ज्याच्याकडे एक जोडी आहे असे दोघेतिघे एकत्र येत व आळीपाळीने एकमेकांची राने नांगरीत. यालाच ‘सावड’ म्हणतात. पाभर, कुळव, जू, शिवळा हीदेखील या घरून त्या घरी जात. तेव्हा आपल्या गावांतून ‘माझे औत’ हा शब्द उच्चारला जाई तेव्हा त्यात शेजाऱ्याचे अर्धे औत मिसळलेले असे. एकाचे बैल चोरीस गेले म्हणजे सावडीतल्या साऱ्यांचाच नांगर उभा राही. चोरी एकाच्या गोठ्यात झाली, नांगरट तिघांची बंद पडली. शेजारी मदतीला धावत त्यात भूतदया थोडी आणि हिशेब पुष्कळ होता, आणि हिशेब होता म्हणूनच ती मदत भरवशाची होती, असे आमचे मत आहे.

नांगर गेला तर सुतार होता. लाकूड कुणब्याने द्यावयाचे, लोखंड लागले तर तेही त्यानेच आणावयाचे, घडणावळ मात्र बलुत्यात आलेली असे. तिचे वेगळे पैसे मोजावे लागत नसत. सुगीच्या वेळी खळ्यावर सुताराला आणि लोहाराला जे धान्य घातले जाई ते एका अर्थी अशाच आपत्तीचा आगाऊ भरणा होता. परंतु बैल काही सुताराच्या कामठ्यावर तयार होत नाहीत.

बैल गेल्यावर सावडही मोडली तर शेवटचा उपाय इर्जिकीचा. अडचणीतल्या माणसाने गावात शब्द टाकावयाचा. मग ठरल्या दिवशी ज्यांना शक्य आहे ते सारे आपापली औते घेऊन त्याच्या रानात उतरत आणि दिवसभरात त्याची नांगरट किंवा पेरणी उरकून देत. मजुरी नाही; त्या दिवसाचे जेवण तेवढे त्याच्या घरी. आमच्या आजोळच्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस लहानपणी सांगितले होते की, इर्जिकीचे बोलावणे गड्याच्या हाती पाठवीत नाहीत. घरधन्याने स्वतः दारोदार जावयाचे, उंबऱ्याबाहेर उभे राहावयाचे आणि तोंडाने मागावयाचे. ‘मागताना लाज वाटत नसे का?’ असे आम्ही विचारले. त्यावर ते म्हणाले, ‘अरे, लाज कसली? गेल्या साली तो माझ्या दारी आलाच होता की.’ मग थोड्या वेळाने त्यांनी पुस्ती जोडली की, ज्याच्या दारी कोणी कधी मागावयास गेले नाही, आणि जो कोणाच्या दारी गेला नाही, त्याच्याकडे मात्र औते जरा उशिराच पोचत.

त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली निघाला. त्यांची लेखणी बलुतेदारांवर आणि फिरस्त्या जमातींवर फार तिखट चालते, आणि त्यांचे पुष्कळसे निर्णय आज आम्हांस पटत नाहीत. पण गावचा व्यवहार त्यांनी डोळ्यांनी पाहून लिहिला आहे, आणि ज्याला ही जुनी देवघेव समजून घ्यावयाची आहे त्याने तो ग्रंथ टाळू नये. त्याच्या जोडीला डॉ. अ. स. अळतेकरांचा पश्चिम हिंदुस्थानातील ग्रामसंस्थांवरचा १९२७ चा इंग्रजी ग्रंथ वाचावा.

इंग्रजी अमलात या दोन मागण्यांचे काय झाले? पहिली मागणी हळूहळू गावाच्या हातून निघून ठाण्यात गेली. १८६० चा दंडविधान १८६२ पासून लागू झाला, १८६१ चा पोलिसांचा कायदा झाला, आणि मुंबई इलाख्यात १८६७ च्या गावपोलिसांच्या कायद्याने पाटील हा सरकारी पोलिसाचा गावातला हस्तक बनला. चोरी हा सरकारविरुद्धचा गुन्हा झाला. चोर सापडला तर त्याला शिक्षा सरकार देऊ लागले. माग ज्या गावात जिरला त्या गावाने भरपाई करावी ही गोष्ट मागे पडत गेली. यात लाभ झाला नाही असे आम्ही म्हणणार नाही. रामोशाच्या पाठीवरचे फटके कमी झाले असतील तर तो लाभच होय. पण कुणब्याच्या बाजूने पाहिले तर शिवेवर पहाटे सुरू होणारा शोध आता फिर्याद लिहिली जाईपर्यंत थांबू लागला, आणि ठाणे बारा कोसांवर असले तर तोपर्यंत बैल कोणत्या बाजारात विकले गेले याचा पत्ता लागणे कठीण झाले.

नव्या कायद्यांनी साधनाचे वेगळेपण अगदीच ओळखले नाही असेही नव्हे. १९०८ च्या दिवाणी व्यवहारसंहितेच्या ६० व्या कलमात कारागिराची हत्यारे, आणि शेतकऱ्याची अवजारे, पोटापाण्याला लागणारी गुरे व बियाणे ही कर्जाच्या हुकूमनाम्यात जप्त करता येत नाहीत असे सांगितले आहे. ते कलम आजही चालू आहे. सावकाराला जे नेता येत नाही ते चोराने नेले तर मात्र कायदा त्याकडे इतर कोणत्याही चोरीसारखेच पाहतो. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३०३ व्या कलमाप्रमाणे चोरीचा माल ५,००० रुपयांहून कमी किमतीचा असेल आणि गुन्हेगार पहिल्यानेच दोषी ठरला असेल, तर माल किंवा त्याची किंमत परत केल्यावर त्याला समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. तरतूद दयेची आहे, आणि आम्ही तिच्या विरुद्ध नाही. फक्त मोजमाप रुपयांचे आहे एवढे लक्षात घ्यावे. पेरणीच्या सकाळी गेलेली चार हजारांची वस्तू आणि लग्नसराईत गेलेली चार हजारांची वस्तू या तिथे एकाच तागडीत बसतात.

राखणदाराचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. १८७४ च्या वतन कायद्याने महारांची वतने सरकारी चाकरीशी जखडून ठेवली होती. चाकरी रात्रंदिवसाची आणि मोबदला मूठभर धान्याचा, या जाचातून आपल्या बांधवांना सोडविण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात दुरुस्तीचे विधेयक आणले. ते त्या वेळी तडीस गेले नाही. पुढे १ ऑगस्ट १९५९ पासून कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकीही गेली, आणि १९६७ च्या कायद्याने नेमणुकीचा पोलीस पाटील आला. ज्या माणसाला गावाची प्रत्येक चोरी स्वतःच्या ऐपतीतून भरावी लागत असे, त्याचे ते ओझे अखेर उतरले. ते उतरावयास हवेच होते.

आता गोठ्यांतून बैल कमी झाले आहेत, आणि मोट तर पुष्कळ मुलांनी चित्रातच पाहिलेली असते. चोर मात्र विहिरीवर अजून येतो. तो मोटेऐवजी विजेची मोटर नेतो, किंवा नुसती केबल कापून तिच्यातली तांब्याची तार नेतो. कातड्याच्या मोटेसारखीच या तारेचीही गोष्ट आहे. मोडीच्या दुकानात तिचे जे येईल ते येवो, खाली कांद्याचे पाणी तुटते. सकाळी शेतकरी कापलेल्या केबलचे छायाचित्र काढतो आणि गावच्या व्हॉट्सॲपवर टाकतो. रात्री कोणाला गाडीचा आवाज आला होता का, म्हणून विचारतो. काही गावांतून अशीही यंत्रणा बसली आहे की, एकाने फोन केला म्हणजे त्याचाच आवाज गावातल्या सगळ्या फोनांवर एकदम वाजतो. दवंडीचे हे नवे रूप पाहून आम्हांस मोठी मौज वाटते. चाकांचा माग डांबरी सडकेवर चढेपर्यंतच चालतो, आणि सडकेवर कोणाची शीव लागत नाही. पोलीस पाटलाला वर्दी जाते, फिर्याद होते, पंचनामा होतो.

संध्याकाळपर्यंत नवी मोटर येत नाही. तेव्हा बांधापलीकडचा शेजारी आपल्या विहिरीवरून पाइप ओढून देतो आणि रात्रीच्या पाळीची वीज आली की दोन तास पाणी इकडे सोडतो. त्याचे पैसे तो घेत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी त्याची मोटर जळते, आणि तोच पाइप उलट दिशेने अंथरला जातो.